नो ब्लॉकर्स... म्हणे!

रोज सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि ऐरोलीपासून पवईपर्यंत शेकडो मीटिंग रूम्समध्ये (आणि हल्ली तेवढ्याच बेडरूम्समध्ये) एकच वाक्य ऐकू येतं. "काल अमुक केलं, आज तमुक करणार, नो ब्लॉकर्स." झालं, पुढचा गडी. पंधरा मिनिटांत दहा जणांचा स्टँडअप उरकतो, सगळे खूश. आणि तीन आठवड्यांनी कळतं की रिलीज बोंबललं.

स्पष्टच लिहितो. 'नो ब्लॉकर्स' ही आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा मारली जाणारी थाप आहे. टेस्टिंगचा सर्व्हर चार दिवस झोपलेला असतो, शेजारच्या टीमकडून यायचा एपीआय आलेला नसतो, रिक्वायरमेंटचं तिसरं पान कुणालाच कळलेलं नसतं. आणि तरी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं सगळे एका सुरात म्हणणार, नो ब्लॉकर्स!

बरं, यावर कंपन्यांचा इलाज काय? तर 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'चं दोन दिवसांचं ट्रेनिंग. टाय लावलेले एक गृहस्थ येतात. हात कसा मिळवावा, डोळ्यांत बघून कसं बोलावं, 'डू द नीडफुल' का लिहू नये, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार वेगळे कसे करावेत, हे सगळं शिकवतात. दुपारी पनीर आणि गुलाबजाम, संध्याकाळी फीडबॅक फॉर्म. सगळे पाचपैकी पाच देतात, कारण साडेपाचची बस गाठायची असते.

माझं भांडण त्या गृहस्थांशी नाही. ते पोटापाण्याचं करतात. माझं भांडण आहे ते रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे लावण्याशी. टीममध्ये संवाद चांगला आहे की नाही, हे ओळखायची माझ्या मते एकच कसोटी आहे. वाईट बातमी, अजून काही करता येईल अशा वेळी, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत, त्याला कळेल अशा शब्दांत पोचते का? पोचत असेल तर उच्चार खड्ड्यात गेले तरी चालतील. पोचत नसेल तर तुमचं ऑक्सफर्डचं इंग्रजी घेऊन काय लोणचं घालायचं?

आता ही कसोटी आपल्याकडे कशी उलटी लावली जाते त्याचं एक उदाहरण. मागे एका कंपनीत (नाव कशाला, सगळीकडे हेच) माझ्या शेजारच्या टीमकडे एका बँकेच्या डेटा मायग्रेशनचं काम होतं. शनिवारी रात्री दहा ते सोमवारी पहाटे चार, म्हणजे तीस तासांत सगळा डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा. त्या टीममध्ये जळगावकडचा एक मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. आम्ही जेवायला एकत्र बसायचो. या पठ्ठ्याने स्वतःहून दहा टक्के डेटा घेऊन रंगीत तालीम केली. तिला साडेचार तास लागले. मग त्याने भर मीटिंगमध्ये सांगितलं, "सर, टेन परसेंट डेटा टेकिंग फोर अँड हाफ अवर. फुल डेटा फॉर्टी-फाइव्ह. वुई हॅव ओन्ली थर्टी."

तीन वाक्यं. व्याकरण म्हणाल तर बोंब. पण यापेक्षा स्पष्ट इंग्रजी त्या मीटिंगमध्ये त्या दिवशी कोणी बोललं नसेल. उत्तर काय मिळालं? "गुड पॉइंट, लेट्स टेक इट ऑफलाइन." हे 'ऑफलाइन' नावाचं गाव नकाशावर कुठे आहे देव जाणे, पण तिथे गेलेला मुद्दा परत आलेला मी पाहिलेला नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. रविवारी संध्याकाळी सातला रोलबॅक. चाळीस माणसांचा शनिवार-रविवार पाण्यात, बँकेपुढे नाचक्की, आणि पुढचे तीन शनिवार-रविवारही त्यातच गेले. ते असो. मला खरी चीड येते ती त्यापुढच्या गोष्टीची. वर्षअखेरीला त्या मुलाच्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'टेक्निकली साउंड, नीड्स टू इम्प्रूव्ह कम्युनिकेशन.' आणि ज्याने आठ आठवडे प्रोजेक्ट 'ग्रीन' असल्याच्या सुंदर स्लाइड्स दाखवल्या, त्याला ऑनसाइट.

म्हणजे बघा, पूर्ण टीममध्ये ज्या एकाच माणसाने खरोखर कम्युनिकेट केलं, त्यालाच सांगितलं की तुला कम्युनिकेशन येत नाही! हा एका मुलावरचा अन्याय तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या एकोणचाळीस जणांना त्यातून जे कळायचं ते कळलं. पुढच्या वेळी रंगीत तालीम कोणी करणार नाही. केली तरी आकडा सांगणार नाही.

कोणी म्हणेल, ऑफिसातलं राजकारण आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? तर मंडळी, जरा आपल्या क्युबिकलबाहेर बघू. ज्यांच्याकडे बातमी न पोचल्याची किंमत रोलबॅकपेक्षा मोठी असते, ते काय शिकले ते बघू.

२५ जानेवारी १९९०. एव्हिआंका कंपनीचं फ्लाइट ५२, बोइंग ७०७, कोलंबियातल्या बोगोटाहून मेदेयिनमार्गे न्यूयॉर्कला निघालेलं. न्यूयॉर्कला हवा खराब, त्यामुळे विमानाला सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं की आपण आणीबाणीत आहोत हे त्यांना सांग. सहवैमानिकाने कंट्रोलरला सांगितलं ते एवढंच, की आमचं इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' हा शब्द काही त्याच्या तोंडून गेला नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने त्या संध्याकाळी घिरट्या घालणाऱ्या प्रत्येकाचंच इंधन कमी होत होतं. त्याने विचारलं, तुला पंधरा मैल पुढे नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? सहवैमानिकाने उत्तर दिलं ते साधारण या अर्थाचं, की चालेल बहुतेक, आभारी आहे. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

'चालेल बहुतेक, आभारी आहे.' हे वाक्य ओळखीचं वाटतंय का? मला तर दर मंगळवारच्या क्लायंट कॉलची आठवण होते. "शुक्रवारपर्यंत होईल ना?" "शुड बी पॉसिबल." "काही रिस्क?" "थोडा इश्यू आहे, पण मॅनेज करू." मनात माहीत असतं की पुढच्या बुधवारशिवाय होत नाही. पण समोरचा मोठा, आपण लहान. त्यात तो गोरा, परकी भाषा आणि लहानपणापासून अंगात मुरलेलं 'मोठ्यांना नाही म्हणू नये.' मग आपण 'थोडा', 'बहुतेक', 'जस्ट अ हेड्स-अप' असले शब्द पुढे करतो. सांगितल्याचं समाधान आपल्याला, आणि ऐकणाऱ्याला काहीच न कळल्याचं सुख!

विमानवाल्यांनी यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी सहवैमानिकांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवून हात झटकले नाहीत. त्यांनी शब्द नेमून दिले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत हे पक्कं झालं. इंधन काठावर आलं आणि आता आणखी उशीर चालणार नाही, तर 'मिनिमम फ्युएल' म्हणायचं. उतरताना राखीव इंधनालाही हात लागणार असं दिसलं की तीनदा 'मेडे' आणि मग 'फ्युएल'. यात विनयाचा, उच्चाराचा, धिटाईचा प्रश्नच उरत नाही. शब्द उच्चारला की समोरच्याला त्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही, हालचाल करावी लागते.

आपल्याकडे असा नेमलेला शब्द आहे कुठे? 'रेड' आहे म्हणा, पण तो वापरायची कोणाची टाप आहे! म्हणून आपले स्टेटस रिपोर्ट कलिंगडासारखे असतात. बाहेरून हिरवेगार, कापले की लालभडक. १७६१ साली पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची तर मोजदादच नाही. लिहिणाऱ्याने संकेत वापरला, पण हानी झाकली नाही. मोठं काय गेलं, त्याखालचं काय गेलं, सगळं क्रमाने. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने ते पत्र लिहिलं असतं तर? 'पानिपत फेज वन कंप्लीटेड, विथ सम लर्निंग्ज.'

आता दुसरी पळवाट. "मी मेल टाकली होती." हे वाक्य म्हणजे आयटीतला अटकपूर्व जामीन. वीस जणांना सीसी करून सोळा ओळींची मेल टाकायची, त्यातल्या चौदाव्या ओळीत खरी गोष्ट लपवायची, आणि पुढे आग लागली की ती मेल फॉरवर्ड करायची. याला सांगणं म्हणत नाहीत, याला पुरावा तयार करून ठेवणं म्हणतात.

१ ऑगस्ट २०१२ ची नाइट कॅपिटलची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. अमेरिकेतली शेअर्सचे सौदे करणारी मोठी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातवरच चढला. आठव्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा मेलेला कोड जागा झाला आणि बाजार उघडल्यापासून ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे करून मोकळा झाला. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. कंपनी त्यातून स्वतंत्रपणे उभी राहू शकलीच नाही. पण गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. अमेरिकन शेअर बाजार नियामकाच्या आदेशात नोंद आहे की बाजार उघडण्याआधीच सिस्टिमने कंपनीतल्या लोकांना ९७ ईमेल पाठवल्या होत्या, आणि त्यांत नेमका तोच दोष लिहिलेला होता. पण त्या मेल्स 'धोक्याचा इशारा' म्हणून आखलेल्याच नव्हत्या, आणि आल्यावर उघडून बघायची कोणाला सवय नव्हती. मेल गेली होती, एक नाही सत्त्याण्णव. बातमी पोचली नव्हती.

सगळ्यांना सगळं सांगत बसणं हाही इलाज नव्हे. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये गणित मांडून ठेवलंय. पाच माणसांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या होतात दहा, बारा जणांत ६६, वीस जणांत १९०. वीस जणांना सीसी केलं की प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या एकोणीसांपैकी कोणीतरी बघेल. म्हणून बातमीला पत्ता हवा. एक नाव. 'टीम, प्लीज नोट' हा पत्ता नव्हे, ती दवंडी झाली.

इथवर मी बोलणाऱ्याची खरडपट्टी काढली. पण सगळं खापर बोलणाऱ्यावर फोडणं हीच तर त्या ट्रेनिंगवाल्यांची चलाखी आहे. 'तुम्हाला नीट सांगता येत नाही' म्हटलं की ऐकणारा सुटला!

तर मग रॉजर बॉइजोली यांचं काय करायचं? चॅलेंजर यानाची बूस्टर रॉकेट्स बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले हे इंजिनिअर. थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी कडक होते आणि गॅस अडवू शकत नाही, हे त्यांना दिसलं होतं. ३१ जुलै १९८५ ला त्यांनी वरिष्ठांना मेमो लिहिला आणि त्यात माणसं मरू शकतात हे स्पष्ट शब्दांत लिहिलं. थोडा इश्यू नाही, हेड्स-अप नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, नासाबरोबर कॉन्फरन्स कॉल झाला. इंजिनिअरांचं म्हणणं होतं की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. रात्रीत पारा शून्याखाली जायचा अंदाज होता. नासाला ते रुचलं नाही. मग कंपनीवाल्यांनी कॉल थोडा वेळ थांबवला आणि आपापसात बसले. तिथे इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना त्यांच्या वरिष्ठाने सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. टोपी बदलली, शिफारस बदलली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात माणसं गेली.

त्या रात्रीचे तक्ते नीट मांडलेले नव्हते, अशी टीका पुढे एडवर्ड टफ्टी यांनी केली. बॉइजोली यांना ती मान्य नव्हती. वाद तज्ज्ञांनी घालावा. मला एवढंच दिसतं की 'उडवू नका' हे समजायला तक्ता लागत नाही. ज्याला ऐकायचं नसतं त्याला तक्त्यातच खोट दिसते, उच्चारात दिसते, नाहीतर 'टोन'मध्ये दिसते.

आपल्याकडचा टोपी बदलायचा मंत्र म्हणजे, "डोन्ट ब्रिंग मी प्रॉब्लेम्स, ब्रिंग मी सोल्यूशन्स." काय थोर वाक्य आहे! म्हणजे ज्या अडचणीचं उत्तर माझ्याकडे आहे तेवढीच मी आणायची. आणि ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणजे जी खरंच वरपर्यंत जायला हवी, नेमकी ती मी खिशात ठेवायची. हे वाक्य बोलणाऱ्या मॅनेजरने नंतर 'मला कोणी आधी सांगितलंच नाही' म्हणायचा हक्क गमावलेला असतो.

आता नेहमीचे आक्षेप. "क्लायंट बिथरेल." तीन आठवडे आधी सांगितलं तर कुरकुरेल. आदल्या रात्री सांगितलं तर बिथरेल. यातलं स्वस्त काय ते तुम्हीच ठरवा. "मग लोक उठसूट रडत बसतील." बसतील की काही दिवस. पण रडणं आणि बातमी यांतला फरक आकड्याने कळतो. 'खूप काम आहे' हे रडणं झालं. 'पंचेचाळीस तासांचं काम आणि तीस तास हातात' ही बातमी. "पण इंग्रजी तर यायलाच हवं ना?" हवंच. चेन्नईचा, गुरगावचा आणि टेक्ससचा माणूस एकाच कॉलवर असेल तर दुसरी भाषा कुठली आणणार? शिका, जरूर शिका. पण फाडफाड बोलता येण्याचे मार्क 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात टाकू नका. त्याला वेगळा रकाना करा हवं तर, 'भाषण'.

आणि हल्ली तर मजाच आहे. मेलचं इंग्रजी एआय सुधारून देतं, मीटिंगचं टिपणही तेच काढून देतं. उत्तम. ज्यांच्या उच्चारावरून इतकी वर्षं मार्क कापले त्यांना तेवढाच दिलासा. पण मीटिंगमध्ये जे कोणी बोललंच नाही, ते टिपणात कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून! उलट आता तीच गोलमाल वाक्यं आणखी गुळगुळीत होऊन येतात.

मग करायचं काय? नुसती आरडाओरड करून थांबलो तर मीही त्या टायवाल्या गृहस्थांसारखाच. टीममधल्या साध्या मेंबरला, कुणाचीही परवानगी न घेता, सोमवारपासून करता येईल असं सांगतो. अडलात की चार गोष्टी लिहा. काय अडलंय, कधीपासून, त्यामुळे तारीख किती दिवस सरकेल, आणि कोणी काय केलं तर सुटेल. चार ओळी, एका नावाला. उदाहरणार्थ, 'टेस्ट सर्व्हर सोमवारपासून बंद आहे. आज गुरुवार. उद्या सुरू झाला नाही तर रिलीज चार दिवस पुढे जाईल. अमुकने इन्फ्राकडे तातडीचं तिकीट टाकायला हवं.' यात भीड नाही, उद्धटपणा नाही आणि व्याकरणाची परीक्षाही नाही. उत्तर आलं नाही तर मेलवर मेल टाकू नका. फोन करा, नाहीतर त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहा. समोरच्याने त्याच्या शब्दांत ती गोष्ट परत सांगितली की मगच समजा, पोचली.

आणि जे लीड आहेत, मॅनेजर आहेत (माझ्या वयाचे बरेच जण एव्हाना झालेच आहेत), त्यांनी स्टँडअपला 'एनी ब्लॉकर्स?' विचारणं बंद करावं. त्या प्रश्नाचं उत्तर पाठ झालंय. त्याऐवजी विचारावं, "ही तारीख चुकलीच तर कशामुळे चुकेल?" या प्रश्नाला 'काही नाही' म्हणणं जरा जड जातं. पहिली वाईट बातमी आणणाऱ्याला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणावं. आणि अप्रेझलच्या फॉर्मवर 'कम्युनिकेशन'पुढे शेरा लिहायच्या आधी स्वतःला विचारावं, या माणसाने वर्षभरात मला कोणती अशी गोष्ट सांगितली, जी मला ऐकायची नव्हती पण ऐकल्यामुळे वाचलो? उत्तर असेल तर पूर्ण मार्क द्यावेत, मग त्याचा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच का असेना.

शेवटी तुम्हाला दोनच प्रश्न विचारतो आणि थांबतो. तुमच्या टीममध्ये शेवटची वाईट बातमी वेळेवर कोणी सांगितली होती? आणि पुढच्या अप्रेझलला त्याचं काय झालं? पहिल्याचं उत्तर आठवायला वेळ लागत असेल, तर दुसऱ्याचं उत्तर तुमच्या टीममधल्या सगळ्यांना आधीच माहीत आहे.